झेंडा नको, पण पोरीला पोहू द्या

मैत्रिणींनो, येवगेनिया चिकुनोवा हे नाव तुमच्या कानावर आलंय का? बहुतेक नसेलच. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गची ही मुलगी, जन्म २००४ चा. ब्रेस्टस्ट्रोक हा तिचा प्रकार, म्हणजे बेडकासारखे पाय मारत पोहायचं. यात नुसती ताकद लावून भागत नाही. हात, पाय आणि श्वास यांचा मेळ जरा चुकला की वेग गेलाच. २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०० मीटरच्या अंतिम फेरीत ती चौथी आली. वय अवघं सोळा! पण चौथ्या नंबरवालीला कोण विचारतं?

पुढे एप्रिल २०२३ मध्ये कझानला, रशियाच्या राष्ट्रीय स्पर्धेत, तिने हेच अंतर २ मिनिटं १७.५५ सेकंदांत कापलं. आधीचा विश्वविक्रम दक्षिण आफ्रिकेच्या तात्याना शूनमेकरचा होता, २ मिनिटं १८.९५. जिथे सेकंदाच्या शंभराव्या भागावर पदकं ठरतात, तिथे हिने जवळजवळ दीड सेकंद खाली आणला!

एवढं करून मिळालं काय? त्याच जुलैत फुकुओकाला जागतिक स्पर्धा झाली, त्यात रशियन खेळाडूच नव्हते. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला काही मोजके रशियन तटस्थ म्हणून गेले, त्यांतही ती नव्हती. सुवर्णपदक अमेरिकेच्या केट डग्लसने २ मिनिटं १९.२४ सेकंदांत जिंकलं. आकडे ताडून बघा, म्हणजे माझी हळहळ कळेल.

कारण तुम्हाला ठाऊकच आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. कुणी म्हणेल, युद्ध राज्यकर्त्यांनी केलं, पोरीचा काय गुन्हा? अगदी खरं. पण मार्च २०२२ मध्ये मारियुपोल शहरात बॉम्ब पडले, त्यात एक पोहण्याचा तलावही उद्ध्वस्त झाला. बायका-मुलं तिथे आसऱ्याला होती, अशा बातम्या आल्या. तिथल्या पोहणाऱ्या मुलींनी कुणाकडे दाद मागायची? म्हणून रशियाचा झेंडा आणि राष्ट्रगीत नको, हे मला पटतं. सरकारं पोरांची पदकं स्वतःच्या छातीवर लावून मिरवतात, ते थांबायलाच हवं.

मात्र जी लष्करात नाही, जिने युद्धाची तळी उचलली नाही, अशा खेळाडूला सुरुवातीपासूनच एकटीच्या नावावर उतरू द्यायला हवं होतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, पण जाळणाऱ्याने थोडं निवडून बघायला काय हरकत आहे? पोहणाऱ्या मुलीची भराची वर्षं असतात तरी किती! संसार आटोपल्यावर बघू, असं म्हणून ती मागे ठेवता येत नाहीत.

२०२५ मध्ये सिंगापूरच्या जागतिक स्पर्धेत ती तटस्थ खेळाडू म्हणून उतरली आणि डग्लसच्या मागोमाग रौप्यपदक मिळवलं. कझानचा विक्रम तिथेही कुणाला मोडता आला नाही.