'डेंग्यू पॉझिटिव्ह' आला, पण मलेरिया तपासला का?

पावसाळ्यात तापाचे रुग्ण बहुधा रिपोर्ट हातात घेऊनच येतात. डेंग्यू आयजीएम पॉझिटिव्ह, प्लेटलेट कमी, आणि घरचे पपईच्या पानांच्या शोधात. मी आधी विचारतो, मलेरियासाठी रक्त तपासले का? 'डेंग्यू निघालाच आहे, मग कशाला?' हे नेहमीचे उत्तर. माझे मत स्पष्ट आहे: जिथे मलेरिया आहे, तिथे नुसत्या आयजीएम कार्डावर डेंग्यूचा शिक्का मारणे धोक्याचे आहे.

आयजीएम चाचणी डेंग्यूचा विषाणू शोधत नाही. त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, शोधते. मलेरियाचे परजीवी रक्तात वाढू लागले की प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी सरसकट उत्तेजित होतात आणि नको तीही प्रतिपिंडे तयार करतात. त्यातली काही कार्डावरच्या प्रथिनांना चिकटली, की रेघ उमटते. शिवाय पूर्वी होऊन गेलेल्या डेंग्यूचे आयजीएम दोन-तीन महिने रक्तात राहू शकते. आणि प्लेटलेट? त्या मलेरियातही घसरतात.

हे फक्त डेंग्यूचे नाही. कोविडच्या काही अँटिबॉडी चाचण्यांनी आफ्रिकेतले महासाथीच्या आधी साठवलेले रक्तनमुनेही पॉझिटिव्ह दाखवले. विषाणूच आलेला नव्हता, तर प्रतिपिंडे कुठून येणार! अशा खोट्या पॉझिटिव्हशी मलेरियाचा संबंध अभ्यासांत दिसला. 1980 च्या दशकात एचआयव्हीच्या सुरुवातीच्या चाचण्यांबाबतही हेच घडले होते. (आज आपल्याकडे एचआयव्हीचे निदान वेगवेगळ्या तीन चाचण्या जुळल्यावरच होते, त्यामुळे तो रिपोर्ट घेऊन उगाच शंका काढत बसू नका.)

आता नुकसान कुणाचे ते पाहा. डेंग्यूवर खास औषध नाही. भरपूर पातळ पदार्थ, गरज पडल्यास सलाईन, आणि बारीक लक्ष. मलेरियावर मात्र हमखास औषध आहे. गडचिरोलीसारख्या भागात आढळणारा फॅल्सिपॅरम मलेरिया ओळखायला उशीर झाला, तर काही दिवसांतच मेंदू आणि मूत्रपिंडापर्यंत जातो. म्हणजे बरा होणारा आजार आपण 'प्लेटलेट वाढण्याची' वाट बघत बिघडू देतो.

म्हणून ताप आल्यावर मलेरियाची तपासणी त्याच दिवशी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. डेंग्यूची शंका असेल तर पहिल्या पाच दिवसांत एनएस-1 आणि त्यानंतर आयजीएम, दोन्ही शक्यतो एलायझा पद्धतीने. सरकारी कार्यक्रमही निश्चित निदानासाठी कार्ड टेस्ट पुरेशी मानत नाही. मलेरिया निघाला म्हणून डेंग्यू नाहीच, असेही समजू नका, कधी कधी दोन्ही एकत्र असतात. आणि मलेरियाचा पहिला रिपोर्ट निगेटिव्ह येऊनही थंडी वाजून ताप येतच असेल, तर दुसऱ्या दिवशी रक्त पुन्हा तपासायला द्या.