कंपायलर कोलमडतो तेव्हां

वरच्या वर्गांतील कित्येक विद्यार्थी आतां सी भाषेंत आज्ञावल्या लिहूं लागले आहेत. त्या मजकुराचें यंत्रास कळेल असें रूपांतर कंपायलर करितो. हें करितांना तो निरुपयोगी आज्ञा गाळतो, पुनःपुन्हां होणारा हिशेब एकदांच करून ठेवितो व काम जलद होईल अशी मांडणी करितो. याला ऑप्टिमायझेशन म्हणतात. नांव जरा आढ्यतेचें आहे. सर्वोत्तम तें साधतेंच असें नाहीं. १९८७ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या जीसीसी या कंपायलरमध्यें याच्या पायऱ्या आहेत : ओ-शून्य म्हणजे जवळजवळ कांहीं नाहीं, ओ-दोन व ओ-तीन म्हणजे उत्तरोत्तर अधिक खटाटोप.

या खटाटोपांत कधीं कधीं कंपायलरच कोलमडतो. ‘इंटर्नल कंपायलर एरर’ अशी ओळ पडद्यावर उमटते आणि विद्यार्थी स्वतःस दोष देऊं लागतो. हें योग्य नव्हे. मजकूर कितीही चुकीचा असला तरी कंपायलरनें चूक दाखवावी, आपण पडूं नये. युटा विद्यापीठांतील संशोधकांनीं सीस्मिथ नांवाच्या साधनानें वाटेल तशा आज्ञावल्या रचून नामांकित कंपायलरांस चारल्या, व त्यांतून निघालेल्या ३२५ हून अधिक नव्या दोषांची हकीकत २०११ सालीं प्रसिद्ध केली.

ओ-शून्यावर उतरलें कीं बहुधा काम पुढें सरकतें. म्हणून तीच पायरी साऱ्या आज्ञावलीस लावून मुलें मोकळीं होतात. एक खोली गळते म्हणून घर सोडण्यासारखेंच हें ! कोणत्या फाइलवर कंपायलर पडतो तें शोधून तेवढीच फाइल खालीं उतरवावी, आणि शेजारीं कारण व कंपायलरची आवृत्ति लिहून ठेवावी. नाहीं तर पुढील आवृत्तींत दोष गेला तरी ती फाइल वर्षानुवर्षें मंदच राहते.

कंपायलर न पडतां आज्ञावलीच ओ-दोनवर भलतें उत्तर देऊं लागली, तर गोष्ट निराळी. तेथें बहुतेक वेळां एखादें चल किंमत न देतांच वापरलेलें असतें, किंवा ॲरेची मर्यादा ओलांडलेली असते. तेथें पायरी उतरविणें म्हणजे दुखणें झांकणें होय.

राहिलें एक काम, जें मुलें हटकून टाळतात. मजकूर कापीत कापीत, कंपायलर पडेल एवढाच लहान नमुना उरवावा व तो कंपायलर रचणारांकडे पाठवावा. कोलमडतांना जीसीसी स्वतःच तशी विनंति करितो. पालकांनींही, मुलगा दोन संध्याकाळ त्याच पांच ओळींपुढें बसलेला दिसला, तर त्यास उठवूं नये.