शास्त्र वाचायचे कोणी?

हिंजवडीच्या आयटी पार्कात नोकरी करणाऱ्या ख्रिस्ती तरुणाला आज मोबाइलवर बायबलची अनेक भाषांतरे एकाच वेळी उघडता येतात. एखादे वचन दोन ठिकाणी वेगळे दिसले की प्रश्न पडतोच: यातला देवाचा शब्द कोणता, आणि ते ठरवायचे कोणी? याच पुणे जिल्ह्यात, दौंडजवळच्या केडगावी, पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे या प्रश्नापायी वेचली.

१८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. चर्चची शिकवण त्यांनी निमूट स्वीकारावी, अशी तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांची अपेक्षा होती. रमाबाई मात्र पत्रांतून वाद घालत राहिल्या. त्रैक्याचा सिद्धान्तसुद्धा त्यांना शास्त्राच्या कसोटीवर तपासून हवा होता. स्त्रियांना वेदांपासून दूर ठेवणारी परंपरा त्या जवळून ओळखत होत्या. नव्या धर्मात येऊन पुन्हा कुणा मध्यस्थाच्या परवानगीने वाचायचे, हे त्यांना पटणे शक्यच नव्हते.

शास्त्र सर्वांत श्रेष्ठ मानले की ते मुळातून वाचण्याची जबाबदारीही आली. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी सगळे बायबल मराठीत आणले. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्याच स्त्रिया काम करत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

शास्त्राच्या अधिकाराबाबत कॅथलिक भूमिका वेगळी आहे. शास्त्र, परंपरा आणि चर्चचा शिकवण्याचा अधिकार यांना एकमेकांपासून तोडता येत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या एका दस्तऐवजात सांगितले. त्याच दस्तऐवजाने हेही म्हटले की, ईश्वरप्रेरणेने लिहिणारी माणसे खरीखुरी लेखक होती, म्हणून त्यांचा काळ आणि लेखनप्रकार अभ्यासावेत. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ याच परंपरेतले. उलट इव्हँजेलिकल प्रोटेस्टंटांच्या १९७८ च्या शिकागो निवेदनाने मूळ हस्तलिखिते पूर्णतः निर्दोष मानली. ती हस्तलिखिते आज उपलब्ध नाहीत, त्यामुळे या बाजूलाही प्रती ताडून पाहण्याचे काम चुकत नाही.

म्हणूनच संदर्भातून एखादे वचन उचलून ‘हा देवाचा शब्द आहे, प्रश्न नको’ असे सांगणारा उपदेशक रमाबाईंचा वारसा सांगू शकत नाही. त्यांची श्रद्धा कडवी होती, पण ती प्रश्न विचारूनच उभी राहिली होती. पिंपरी-चिंचवड परिसरातल्या मंडळ्यांनी रविवारच्या बायबल अभ्यासाला केडगावचे भाषांतर आणि दिब्रिटोंचा ग्रंथ शेजारी-शेजारी ठेवावा, आणि दोन्हींत फरक दिसेल तिथे तरुणांना मोकळेपणाने बोलू द्यावे.