निमोच्या बापाची गोष्ट

पिक्सारचा ‘फाइंडिंग निमो’ २००३ साली आला, तेव्हापासून घरोघरी त्याविषयी दोन मते ऐकतो आहे. मुलांना विसराळू डोरी मासा आवडतो. पालकांची तक्रार सुरुवातीविषयी असते. पहिल्या काही मिनिटांतच निमोची आई आणि शेकडो अंडी बाराकुडा फस्त करतो. हे लहानग्यांना कशाला दाखवायचे?

मला ही तक्रार पटत नाही. एकतर दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन यांनी तो संहार पडद्यावर दाखवलेलाच नाही. बाप मार्लिन शुद्धीवर येतो तेव्हा सारे सामसूम असते, एवढेच. आणि हा प्रसंग गाळला, तर मार्लिनची पुढची सगळी धास्ती निव्वळ चक्रमपणा वाटेल. उरलेल्या एकुलत्या एका पोराला, तेही एक पर तोकडा असलेल्या, शाळेत धाडताना त्याचा जीव का थरथरतो, हे मुलांनाही कळायला हवे.

शेवटी मासेमारीच्या जाळ्यात अडकलेल्या डोरीसाठी निमो आत शिरू पाहतो. मार्लिन आधी अडवतो, मग जाऊ देतो. आपल्यापैकी किती जणांना हे जमते? तेव्हा चित्रपट मुलांसोबत बघा, आणि सुरुवात मुळीच गाळू नका.