दोष ठेच्याचा की गोळीचा?

ओझर परिसरात द्राक्षबागांची कामे सुरू झाली, की ओपीडीत पाठ, कंबर आणि पोट धरून येणाऱ्या मजूर बायका दिसू लागतात. त्यांतल्याच एक परवा म्हणाल्या, “डॉक्टर, दोन महिने ठेच्याला हात लावला नाही, तरी पोटात आग पडते.” मी विचारले, “ताई, कंबर दुखते तेव्हा काय घेता?” त्यांनी पदराची गाठ सोडली. दुकानातून सुट्या आणलेल्या वेदनाशामक गोळ्या होत्या. सकाळी उपाशीपोटी एक आणि रात्री एक.

मिरचीने अल्सर होतो, हा समज आपल्याकडे पक्का आहे. पण तो खरा नाही. अल्सरची मुख्य कारणे दोन. एक, हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. तो शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांना २००५ मध्ये नोबेल मिळाले. दुसरे, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या. जठराच्या अस्तराचे रक्षण करणारी यंत्रणाच त्या कमकुवत करतात. मिरचीतले कॅप्सेसिन मात्र उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते. त्यामुळे आग झाल्यासारखे वाटते, पण त्याने अल्सर पडत नाही.

म्हणजे ठेचा सर्वांनी हवा तेवढा खावा, असे नाही. आधीच अल्सर, आम्लपित्त, मूळव्याध किंवा फिशर असेल, तर तिखटाने त्रास वाढू शकतो. अशांनी हात आखडताच ठेवावा.

माझी खरी तक्रार ठेच्यातल्या मिठाबद्दल आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका चहाच्या चमच्यापेक्षा, कमी मीठ खावे. त्यात भाजी, लोणचे, पापड सगळे आले. रक्तदाब असलेल्यांनी तर ठेचा कुटतानाच खडेमीठ निम्मे करावे. लसूण आणि शेंगदाणे चव सांभाळून घेतात. दुसरी तक्रार अशी, की नुसत्या भाकरी-ठेच्यावर दिवसभर राबणाऱ्या शरीराला पुरेशी प्रथिने मिळत नाहीत. सोबत मटकीची उसळ, पिठले किंवा वाटीभर दही हवे. दह्याने तोंडाची आगही शमते. पाण्याने ती फारशी शमत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही.

आणि एक कळकळीची विनंती. शौचाला डांबरासारखी काळी होणे, उलटीतून रक्त पडणे, विनाकारण वजन घटणे ही लक्षणे ‘तिखट बाधले’ म्हणून अंगावर काढू नका. छातीत जळजळ होऊन घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर सोडा पीत बसू नका. लगेच दवाखाना गाठून ईसीजी काढा.

त्या ताईंच्या गोळ्या बंद केल्या, औषध सुरू केले आणि पुढच्या तपासण्या लिहून दिल्या. निघताना त्यांनी विचारले, “मग ठेचा?” म्हटले, “पोट बरे झाले की खा. पण दुकानातली गोळी मला विचारल्याशिवाय घेऊ नका.”