पहिली दहा माणसे

श्रीगोंद्याच्या लिंबावर वा दुधावर प्रक्रिया करणारा एखादा नवा उद्योग, ज्यास हल्ली स्टार्टअप म्हणतात, काढू पाहणाऱ्या तरुणास आम्ही एकच प्रश्न विचारू इच्छितो : आपण पहिली दहा माणसे कशी निवडणार? भांडवल, यंत्रे, बाजारपेठ यांचा हिशेब सारेच मांडतात. सचोटीचा मात्र फलक रंगवून भिंतीवर टांगला की भागले, अशी समजूत दिसते. (आम्ही शिक्षक असताना फळ्यावर नित्य सुविचार लिहीत असू, त्याच फळ्यासमोर मुले एकमेकांच्या वह्या उतरवीत!)

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर कारखाना वसविला. लोखंडी नांगराने जमीन नासते, या समजुतीने आरंभी शेतकरी त्यांचा नांगर घेईनात, असे ते दिवस. तरीही त्यांनी वसाहतीत अस्पृश्यतेला थारा दिला नाही. इतकेच नव्हे, तर गुन्ह्यांची शिक्षा भोगून आलेल्या माणसांच्या हाती पहारा सोपविला. किर्लोस्करवाडीचे वळण पडले ते अशा नेमणुकांनी. त्यासाठी फलकाची गरज पडली नसावी.

श्रीगोंद्यातील आमच्या तरुणाचीही परीक्षा दूर नाही. लिंबाचा भाव एकाएकी कोसळेल, आणि शेतकऱ्यास कबूल केलेला दर द्यावा की शब्द फिरवावा, हा पेच उभा राहील. मालक काय करतो, हे काट्यावरचा मापाडी मुकाट्याने पाहत असेल, आणि दुसऱ्या दिवसापासून तोही तसेच वजन करू लागेल.