अंधार तसाच राहू दे!

प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतोच. गळ्यात कॅमेरा अडकवून फिरणारा आणि बारसं असो वा बॉसचा फेअरवेल, ‘फोटो मी काढतो’ म्हणून पुढे घुसणारा. आमच्या ग्रुपमध्ये ती मी!

त्यामुळे गेल्या डिसेंबरात मामाचा फोन आला, ‘चर्चचं नाताळचं म्युझिकल आहे गं. शनिवारी सातारा, रविवारी सांगली. लाइट्स माझे. येतेस फोटो काढायला?’ तेव्हा मी शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटला आणि पुण्याहून साताऱ्याची एसटी पकडली.

मामाचं साताऱ्यात इलेक्ट्रिकचं दुकान. चर्चच्या नाटकांची प्रकाशयोजना तो तीसेक वर्षं हौसेनं करतोय. आता गुडघे कुरकुरतात, शिडीवर चढून लाइट बांधायचं हे शेवटचं वर्ष. आणि एवढ्या वर्षांत त्याच्या कामाचा एक धड फोटो नाही. नटांचे आहेत ढीगभर, पण सगळे फ्लॅश मारलेले. फ्लॅश उडाला की स्टेजवरचा लाइट गेलाच ना!

साताऱ्याला हे नाट्य-संगीत काही उपरं नाही. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१७ मध्ये इथे आले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ती उपासनेत अभंग, भजन, कीर्तन रुजवणारा हा कवी. आताच्या पोरांच्या कीबोर्डशेजारी ढोलकी आणि टाळ अगदी घरच्यासारखे बसतात ते उगाच नाही.

तर शनिवारचा प्रयोग. मी शहाणपणानं फ्लॅश बंद ठेवला आणि बाकी सगळं ऑटोवर सोडून धडाधड दोनशे फोटो काढले. रात्री जेवणानंतर मामाला लॅपटॉपवर दाखवले. तो म्हणाला, ‘छान आलेत.’ मग मेंढपाळांच्या सीनवर थांबला. ‘पण इथं रात्र होती ना गं?’

होती की! मामानं एका कोपऱ्यात शेकोटीचा लालसर उजेड ठेवला होता, बाकी मिट्ट काळोख. माझ्या फोटोत मागचा पडदा, त्याच्या सुरकुत्या, वायरींचं भेंडोळं सगळं लख्ख दिसत होतं आणि मेंढपाळांचे चेहरे पांढरेफटक. शेकोटीऐवजी ट्यूबलाइट लावल्यासारखं!

झालं काय, तर कॅमेऱ्याचा मीटर बिचारा भोळा असतो. समोरचं चित्र सरासरीनं मध्यम उजेडाचं असावं, एवढाच त्याचा हिशेब. स्टेजचा बराचसा भाग काळा दिसला की तो घाबरून उजेड वाढवतो. अंधार मुद्दाम केलाय, हे त्याला कोण सांगणार? ते आपणच सांगायचं.

रविवारी सकाळी टेम्पोत सामान चढलं. कऱ्हाड, इस्लामपूर करत सांगलीपर्यंत मामानं मला क्यूंचा कागद वाचून दाखवला. कुठल्या ओळीला कुठला लाइट हळूहळू चढतो, कुठे एका झटक्यात जातो. शनिवारी मी जे घडून गेल्यावर टिपत होते, ते आता आधीच ठाऊक झालं.

सांगली म्हणजे नाट्यपंढरी. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केलं ते इथेच. तेव्हा कुठली आलीय वीज? ज्योतींच्या उजेडातलं नाटक ते. म्हणजे अंधारातून पात्र बाहेर काढायची कला इथे डिमरपेक्षा कितीतरी जुनी आहे, बॉस!

त्या रात्री मी ऑटो बंद केलं. पन्नासची लेन्स, एफ १.८, आयएसओ ३२००, मोजणी फक्त चेहऱ्यावर. व्हाइट बॅलन्स ३२०० केल्व्हिनवर बांधून टाकला, नाहीतर मामाचा पिवळा उजेड कॅमेरा ‘दुरुस्त’ करून पांढरा करतो. शटर १/१००. कारण आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, पण शटर जास्त वेगात ठेवलं की फोटोत पट्टे उमटतात. देवदूतावर गडद निळा एलईडी होता, तिथे एक्स्पोजर आणखी कमी केलं. निळा रंग ओव्हर झाला की चेहऱ्यावरचं नाक-डोळे सपाट होतात.

मेंढपाळांचा सीन आला. यावेळी फोटोत तीन चेहरे, एक हात, बाकी काळं. बस्स.

शेवटच्या गाण्याला सगळे कॅमेरे, सगळे मोबाइल स्टेजकडे. मी मागे वळले. मामा डिमरपाशी, क्यूंच्या कागदावर छोटी टॉर्च धरून. तेवढ्याच उजेडात त्याचा अर्धा चेहरा आणि ओठ, सगळ्यांबरोबर गाणारे. खुर्चीच्या पाठीवर कोपर टेकवलं, श्वास धरला, १/३० वर एकच फोटो.

दोन्ही प्रिंट पाठवल्या. मेंढपाळ दुकानात काउंटरच्या मागे लागलेत. गिऱ्हाइकाला मामा सांगतो, ‘हा माझा फोटो.’ त्यात तो कुठेच नाही, हे कुणी विचारत नाही. दुसरी प्रिंट मामीनं कपाटात जपून ठेवलीय.

तेव्हा पुढच्या वेळी मित्राचं नाटक बघायला गेलात तर दोन गोष्टी करा. ब्राइटनेस कमी करा. आणि एकदा तरी मागे वळून बघा.